हौद्याच्या फळ्या उलट्या करून बघा

आज आम्ही लोणचं, पापड, कोकम यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते गाडीच्या हौद्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हे काय बायकांचं काम? आम्हीही तसंच म्हणत होतो, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

आमच्या गटाची पिकअप गाडी आहे. जुनीच घेतली, कर्ज काढून. सकाळी मासळीचे क्रेट, दुपारी नारळ, सीझनला आंब्याच्या पेट्या, आणि गटाचा माल बाजारात न्यायचा असेल तेव्हा तो. हौद्याचा मूळ पत्रा आधीच्या मालकाकडेच खाऱ्या पाण्याने खाल्ला होता, म्हणून त्याने लोखंडी पट्ट्यांवर नऊ लाकडी फळ्या नटबोल्टने बसवल्या होत्या. लाकूड आम्हाला आवडलं. पत्र्यावर बर्फाचं पाणी सांडलं की पाय सरकतो, लाकडावर तेवढा सरकत नाही.

गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही हौसेने तिला रंग दिला. सप्टेंबर होता, गणपती नुकतेच गेले होते, दोन दिवस ऊन पडलं होतं. हौदा धुतला आणि दुसऱ्याच दिवशी वरून लाल ऑइलपेंटचे दोन हात मारले. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. दिवाळीपर्यंत गाडी अशी दिसत होती की लोक विचारायचे, नवीन घेतली काय?

पुढल्या वर्षी मेमध्ये एक फळी मोडली. आमची एक मैत्रीण बर्फाचा क्रेट उचलून मागे सरकत होती, आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. नडगी सोलवटून निघाली, सात टाके पडले, महिनाभर काम बंद. वरून त्या फळीचा रंग शाबूत होता. खालून हात लावला तर लाकूड भिजलेल्या खोबऱ्याच्या पेंडीसारखं बोटात आलं.

बैठकीत कुणी म्हणालं, नशीब. कुणी म्हणालं, फळी जुनीच होती. पण रंग आम्हीच दिला होता आणि त्या रंगाखाली काय चाललंय ते आम्हाला इतके महिने दिसलं नाही, हे तरी मान्य करायला हवं होतं. गाडीच्या कमाईतून तिला महिन्याची निम्मी मजुरी द्यायची असं ठरलं. पूर्ण द्यायला हवी होती, असं आज वाटतं.

नंतर आम्ही वस्तीतल्या एका जुन्या काकांना बोलावलं. त्यांचं आयुष्य लाकडी होड्या बांधण्यात गेलं. आता सगळ्या फायबरच्या होड्या, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांनी वर बघितलंच नाही, सरळ गाडीखाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "गो बायांनो, तुमी वरसून रंग काढलात, पण खालसून ह्या पाणी पिताहा त्येचा काय?"

म्हणजे काय, तर लाकूड आधीच ओलं होतं. वरून आम्ही झाकण घातलं. बर्फाचं खारं पाणी फटींतून, बोल्टच्या भोकांतून आत जात राहिलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. लाकडाला बुरशी लागायला ओल लागते, कोरड्या लाकडाला ती लागत नाही. आणि फळी पाणी सर्वांत जास्त पिते ती कापलेल्या टोकांतून. झाड उभं असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं, त्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी पडलेली असतात. आम्ही नेमकी टोकं तशीच सोडली होती, कारण ती दिसत नाहीत.

दुरुस्ती दिवाळीनंतर केली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गाडी रिकामी असते, तेव्हाच करू, असं आधी वाटलं होतं. पण त्या दिवसांत आपल्याकडे भिंतसुद्धा सुकत नाही, फळी कुठली सुकणार? नोव्हेंबरात वारा कोरडा असतो आणि आंब्याला अजून अवकाश असतो. तीन आठवडे मासळीसाठी भाड्याचा टेम्पो लावला. ते पैसे जिवावर आले.

सगळ्या फळ्या सोडवल्या, उलट्या केल्या. स्क्रूड्रायव्हरने जागोजागी टोचून बघितलं. जिथे सहज आत जातो, ती फळी गेली. नऊपैकी चार गेल्या. त्या चारही आंब्याच्या होत्या. आंब्याचं लाकूड पेटीला छान, पण सतत ओलीत राहिलं की टिकत नाही. त्यांच्या जागी ऐनाच्या घेतल्या. जड आहेत, सुताराने कुरकुर केली, पण चिवट लाकूड आहे.

राहिलेल्या फळ्या आधी गोड्या पाण्याने भरपूर धुतल्या. मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, मिठाची बरणी पावसात कशी पाझरते ते आपण बघतोच. मग शेडमध्ये, सावलीत, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून रचल्या, वारा खेळेल अशा. कडक उन्हात टाकल्या तर तडकतात.

सुकल्या हे कसं कळायचं? हात लावून कळत नाही. इथे आम्हाला आमचाच मासळीचा काटा उपयोगी पडला. प्रत्येक फळीवर खडूने नंबर टाकला आणि दर तीन दिवसांनी वजन वहीत लिहिलं. साडेनऊ किलोची फळी उतरत उतरत आठ किलोवर आली आणि थांबली. दोनदा सारखंच वजन आलं की ती फळी तयार. ही युक्ती काकांनाही आवडली. ते म्हणाले, "माका ह्या सुचला नाय कधी." आम्ही आठवडाभर त्या आनंदात होतो.

मग जुना रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासलं. पाण्याचे चार थेंब टाकून बघितले. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर जुना रंग अजून आहे, लाकडात जिरले तर काम झालं.

स्टेन लावला तो गडद, वॉलनट रंगाचा, मासळीचे डाग दिसू नयेत म्हणून. पण एक लक्षात ठेवा, स्टेन ही नुसती रंगछटा. पाणी अडवायचं काम त्याच्यावर आलेल्या तेलाचं. आम्ही बेलतेल वापरलं, म्हणजे रंगवाले वापरतात ते जवसाचं तेल. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन, म्हणजे पातळ होऊन आत जातं. पंधरा-वीस मिनिटांनी न जिरलेलं तेल कापडाने पुसून घ्यायचं. आमच्यातल्या काही जणी पुसायला तयार नव्हत्या. एवढं महाग तेल पुसायचं? त्यांनी एक फळी पुसली नाही. ती आठवडाभर चिकट राहिली, तिच्यावर धूळ आणि मुंग्या. बाकीच्यांना दोन दिवसांच्या अंतराने तीन हात दिले. टोकांना आणि बोल्टच्या भोकांना मोजून नाही, पिणं थांबेपर्यंत तेल पाजलं.

खालच्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. होड्यांना पूर्वी माशांचं तेल लावत, तसं हेही लावत. काळं, घट्ट, सावकाश सुकणारं. वाळवी आणि कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण काजू युनिटमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींना ते काय आहे हे सांगायला नको. कातडी भाजते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि ब्रश हातात असताना तोंडाला हात नाही.

आणि तेलाच्या चिंध्या. हे नीट ऐका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं. पसरलेल्या कापडातून ती ऊब निघून जाते, बोळ्यात मात्र साठते आणि चिंध्या आपल्या आपण पेटू शकतात, काडी न लावता. आम्हाला माहीत नव्हतं. गोणपाटात कोंबून शेडच्या कोपऱ्यात ठेवल्या. संध्याकाळी जळका वास आला म्हणून गोणपाट उलटं केलं, तर मधला बोळा हाताला चटका बसण्याइतका तापलेला. बाजूला सुक्या झावळ्या होत्या. आता आम्ही चिंध्या बाहेर एकेक करून वाळत घालतो, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकतो.

फळ्या परत बसवताना दोघींच्या मध्ये अर्धा सेंटिमीटर फट ठेवली, पाणी खाली पडावं म्हणून. बोल्ट जस्ताचे. वास जाईपर्यंत दहा दिवस माल भरला नाही. अजूनही मासळी, भाजी थेट फळीवर ठेवत नाही, क्रेटमध्येच. दर दिवाळीनंतर तेलाचा एक हात द्यावा लागतो. हे काम एकदा करून सुटका होत नाही.

खर्च? सुताराने सगळ्या फळ्या बदलायची जी रक्कम सांगितली होती, तिच्या निम्म्याहून कमी, भाड्याचा टेम्पो धरून. मजुरी आमचीच, ती धरली नाही. धरायला हवी, पुढच्या वर्षी वहीत लिहिणार आहोत.

आमची ती मैत्रीण आता गाडीवर परत येते. चढण्याआधी टाचेने प्रत्येक फळीवर ठोकून बघते. आम्ही तिला हसत नाही. ज्या गटांकडे गाडी आहे, हातगाडी आहे, लाकडी फळ्यांचा मांडव किंवा मचाण आहे, त्यांनी आठवडा बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीपाशी या. खालची बाजू दाखवतो. येताना टॉर्च आणा, आमच्या टॉर्चचे सेल गेलेत.