ओएच स्वतःहून जात नाही, त्याला पाठवावं लागतं

अल्कोहोलपासून अल्किल हॅलाइड करायच्या अभिक्रिया बारावीला येतात, आणि मला हमखास प्रश्न येतो, “सर, एवढे सगळे रिएजंट पाठच करायचे का?” मी म्हणतो, आधी एकच गोष्ट विचारा: ओएच बाहेर कसा पडणार?

समजा, ब्युटेन-१-ऑलमध्ये नुसतं सोडियम ब्रोमाइड टाकलं. काही होत नाही. कारण ओएचला हायड्रॉक्साइड आयन म्हणून निघावं लागेल. तो तीव्र बेस, कार्बनला सहज सोडत नाही. आता त्यातच संहत सल्फ्युरिक आम्ल घालून तापवा. ओएचला प्रोटॉन मिळतो, तो पाणी होऊन निघतो आणि ब्रोमाइड त्याची जागा घेतो. झालं १-ब्रोमोब्युटेन!

थायोनिल क्लोराइडचं कामही हेच. तो ऑक्सिजनला पकडतो आणि ओएचचा चांगला लीव्हिंग ग्रुप करतो. शिवाय सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड दोन्ही वायू, उडून जातात. म्हणून क्लोराइड शुद्ध मिळतं. फॉस्फरस ट्रायब्रोमाइडमध्ये ऑक्सिजनला फॉस्फरस धरतो, एवढाच फरक.

आता मार्क जातात ती जागा. ३-मिथिलब्युटेन-२-ऑल अधिक एचबीआर. घाईघाईत आपण ओएच खोडतो, तिथेच बीआर लिहितो, आणि पर्यायांत ते उत्तर असतंही! पण थांबा. पाणी गेल्यावर उरतो सेकंडरी कार्बोकॅटायन. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन घेऊन इकडे सरकतो, आणि जास्त स्थिर असा टर्शरी कार्बोकॅटायन तयार होतो. ब्रोमाइड तिथे जोडला जातो. म्हणून मुख्य उत्पादन २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेन.

ल्युकास टेस्टही यातूनच सुटते. संहत एचसीएल आणि निर्जल झिंक क्लोराइड घातलं की टर्शरी अल्कोहोल लगेच गढूळ होतं, सेकंडरीला साधारण ५ मिनिटं लागतात, प्रायमरी मात्र खोलीच्या तापमानाला तसंच स्वच्छ राहतं. कार्बोकॅटायन जितका स्थिर, तितकं काम लवकर.

आणि फिनॉल दिलं असेल तर? तिथे कार्बन-ऑक्सिजन बंधाला अंशतः दुहेरी बंधाचं स्वरूप असतं. नुसत्या एचबीआरने तो तुटत नाही.

तेव्हा पेपरात अशी अभिक्रिया दिसली की उत्तर लिहायच्या आधी दोन प्रश्न विचारा. ओएच कशाच्या रूपात गेला? तो गेल्यावर मागे काय उरलं? वहीत आज पाच उदाहरणं असं करून बघा. भेटू पुढच्या भागात!