नेम धरायला दुर्बीण लागते का?

साखरशेतच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी जव्हारला अकरावीत आहे. एनसीसीत रायफल हातात आली, आता नेमबाजीच शिकायची म्हणते. दुकानदार सांगतो, एअर रायफल घ्या, वर मोठ्या नंबरची दुर्बीण बसवा. गटातून कर्ज उचलावं का?

ताई, दुर्बिणीसाठी तर अजिबात नको. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं. दोघांनी नेम धरला तो पीप साईटने. म्हणजे डोळ्याजवळ बारीक भोक, नळीच्या टोकाला कडी. भोकातून कडी दिसते, कडीत काळा गोल. एकात एक गोल बसले की मध्य डोळ्याला आपोआप कळतो. भिंगाने मोठं करून दाखवायचं कामच नाही.

आणि नेम केवढ्यावर? 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. एअर रायफलला अंतर 10 मीटर, पण दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. नाचणीवरची पाखरं गोफणीने हाकलणाऱ्या आपल्या पोरींची नजर काही कमी नाही. श्वास आवरून स्थिर उभं राहणं मात्र शिकावं लागतं.

दुर्बीण लागते ती लांब पल्ल्याच्या वेगळ्या नेमबाजीत. तिथेही मोठा नंबर म्हणजे चांगली, असं नसतं. खोक्यावर 4×32 लिहिलं असेल तर वस्तू चौपट मोठी दिसते आणि पुढची काच 32 मिलिमीटरची. 32 ला 4 ने भागा, 8 आले. एवढ्या रुंदीचा उजेड डोळ्याशी येतो. त्याच काचेवर 16 पट केलं तर उरतो 2, संध्याकाळी अंधारून येतं. शिवाय हाताचा थरथराटही 16 पट दिसतो, पोर घाबरून घोडा झटक्यात ओढते. दुकानात आणखी एक बघा: बंदूक टेकवून ठेवा, डोळा थोडा इकडेतिकडे हलवा. आतली फुली निशाणावरून सरकली, तर त्या अंतरावर ती दुर्बीण नेम चुकवणार. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, साधी दुर्बीण त्याने बिघडते.

बंदूकसुद्धा लगेच घेऊ नका. कुठल्या एअर रायफलला परवाना लागतो ते आधी पोलीस ठाण्यात विचारा. छरा डोळा फोडू शकतो, घरात लहान पोरं असतात. पाखरं-ससे मारणं तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच.

मुलीला घेऊन पालघरच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात जा. सराव कुठे होतो, तिथली रायफल वापरायला मिळते का, क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी कधी असते, हे विचारा. स्वप्निल नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतच शिकला. जाताना आधार कार्ड आणि शाळेचा दाखला बरोबर ठेवा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.