कोरियातील विद्यापीठे आणि आपले विद्यार्थी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी शिक्षण म्हटले की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंड-अमेरिकाच उभी राहते. परंतु रांजणगावी एलजीचा कारखाना आहे, रायगड जिल्ह्यात माणगावनजीक पोस्कोचा पोलाद कारखाना आहे, तळेगावचा मोटार कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. त्यामुळे दक्षिण कोरियाचे नाव आता आपल्या तालुक्यांतही परके राहिलेले नाही. तेथे शिकावयास जाता येईल काय, असे विचारणारी मुले प्रथम आपल्याकडेच येतात. त्यांना काय सांगावे, एवढाच आजचा विषय आहे.

कोरिया परदेशी विद्यार्थ्यांना इतक्या अगत्याने का बोलावीत आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्या देशातील जननदर २०२३ साली ०.७२ इतका खाली आला. शाळा ओस पडत आहेत आणि राजधानीपासून दूर असलेल्या विद्यापीठांतील जागा रिकाम्या राहत आहेत. त्याच वर्षी तेथील शासनाने २०२७ पर्यंत तीन लक्ष परदेशी विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. आमंत्रण खरे आहे, पण त्यामागे यजमानाची गरजही आहे, आणि सर्वच विद्यापीठे एका तोलाची नाहीत. ज्या संस्थांतील परदेशी विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर बेकायदा राहून जातात, त्यांच्यावर तेथील शासन व्हिसाचे निर्बंध घालते व त्यांची नावे प्रसिद्ध करते. पालकाने पैसे भरण्यापूर्वी ती यादी पाहिलीच पाहिजे. दलाल ती दाखवीत नाही.

आता अभ्यासक्रमांकडे वळू. सोल राष्ट्रीय विद्यापीठ १९४६ सालचे. योन्से व ईह्वा ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांनी लावलेली रोपे होत. पैकी ईह्वा हे केवळ महिलांचे विद्यापीठ असून त्याचा आरंभ १८८६ साली एका विद्यार्थिनीवर झाला, असे सांगतात. विज्ञान व अभियांत्रिकीसाठी देजॉन येथील कैस्ट (१९७१) आणि पोहांग येथील पोस्टेक (१९८६) या संस्थांचा लौकिक मोठा आहे. कैस्टमधील बहुतेक अध्यापन इंग्रजीतून चालते. योन्सेच्या अंडरवूड इंटरनॅशनल कॉलेजातही मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे इंग्रजीतून शिकविली जातात. मात्र ही उदाहरणे सरसकट लागू करू नयेत. पदवीस्तरावरील बहुसंख्य वर्ग कोरियन भाषेतच भरतात. माहितीपत्रकात 'इंग्रजी वर्ग उपलब्ध' असे छापलेले असते, याचा अर्थ संपूर्ण पदवी इंग्रजीतून मिळते असा नव्हे. पदवीसाठी आवश्यक असलेले कोणते विषय कोणत्या सत्रात इंग्रजीतून मिळतील, हे पत्र लिहून विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

म्हणून खरा पहिला अभ्यासक्रम भाषेचाच. मोठ्या विद्यापीठांच्या भाषासंस्थांत साधारणतः दहा आठवड्यांचे सत्र असते. रोज चार तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे दोनशे तास. आणि अशा सहा पायऱ्या. ऐकून दडपण यावे असे हे वेळापत्रक आहे. पण मराठी मुलाला एक सोय उपजतच लाभलेली आहे. कोरियन वाक्याची ठेवण कर्ता, कर्म, क्रियापद अशी आपल्यासारखीच असते. 'मी शाळेत जातो' हे वाक्य त्याच क्रमाने कोरियनमध्ये उतरते. 'शाळेत' मधील 'त' प्रत्ययाप्रमाणे तेथेही शब्दामागे प्रत्यय लागतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते, हेही आपल्याला नवे नाही. राजा सेजोंगने १४४६ साली प्रसिद्ध केलेल्या हान्गुल लिपीत मूळ अक्षरे अवघी चोवीस आहेत. लिपी आठवड्याभरात येते; भाषेला मात्र वर्ष लागते.

शिष्यवृत्तीचा मार्ग याच भाषेतून जातो. कोरियन शासनाच्या ग्लोबल कोरिया शिष्यवृत्तीत विमानभाडे, शिक्षणशुल्क व मासिक निर्वाहवेतन मिळते. पदवीसाठी एक अधिक चार वर्षे, पदव्युत्तर शिक्षणासाठी एक अधिक दोन वर्षे असा तिचा साधारण काळ आहे. हे पहिले एक वर्ष भाषेचे. 'टोपिक' या सहा पातळ्यांच्या परीक्षेत किमान तिसरी पातळी गाठावी, ही त्या वर्षाची अपेक्षा असते. अर्ज दूतावासामार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत करता येतो.

पंचायत सदस्यांसाठी एका वेगळ्या अभ्यासक्रमाचा उल्लेख मुद्दाम करतो. ग्योंगसान येथील यंगनाम विद्यापीठात ग्रामविकासाचे धोरण परदेशी विद्यार्थ्यांना शिकविणारी स्वतंत्र शाखा आहे. तिच्या मुळाशी १९७० साली सुरू झालेली 'सेमाउल उन्दोंग', म्हणजे नवग्राम चळवळ आहे. शासनाने सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिले. अट एवढीच की ते गावाच्या सामाईक कामासाठी वापरावे. कोठे रस्ता झाला, कोठे धुण्याचा घाट झाला, कोठे काहीच झाले नाही. पुढच्या वर्षी ज्या गावांनी काम करून दाखविले त्या सुमारे निम्म्या गावांनाच पाचशे पोती सिमेंट आणि एक टन लोखंड मिळाले. मागे पडलेल्या गावांना वगळणे न्याय्य होते काय, यावर दोन मते होऊ शकतात. आणि ती चळवळ एका हुकूमशाही राजवटीत वाढली, हेही विसरता येत नाही. पण ग्रामसभेत निधीवाटपाचा वाद ज्याने ऐकला आहे, त्याला हा विषय पुस्तकी वाटणार नाही.

खर्चाबाबत स्पष्ट बोलतो. काम करीत शिकू, या भरवशावर जमीन गहाण टाकून कोणी मुलाला पाठवू नये. विद्यार्थ्याला अंशकालीन कामासाठी तेथील इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी लागते, तासांची मर्यादा असते, आणि भाषावर्गाच्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने ती परवानगी मिळत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्या त्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण कार्यालयातून पाहून घ्यावी.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. कोरियातील शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते व दुसरे सत्र सप्टेंबरच्या सुमारास; अर्ज त्याच्या कित्येक महिने आधी जातात. गुणपत्रकावर आडनाव आधी, पारपत्रावर ते वेगळ्या रकान्यात, कोठे वडिलांचे नाव जोडलेले तर कोठे गाळलेले, अशा कागदांना एपॉस्टिल प्रमाणपत्र मिळविताना आणि परदेशी कार्यालयात सादर करताना फार अडचण येते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरून घेतानाच नावाची अक्षरे जन्मदाखल्याशी ताडून पाहावीत. हे काम शाळेच्या कचेरीत पाच मिनिटांत होते. नंतर त्यासाठी राजपत्रापर्यंत जावे लागते.