वडाच्या सावलीतील बाजार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, तळेगाव दाभाडे येथे केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आम्ही मुंबईचा कोट भाग पायी हिंडून पाहिला. टाऊन हॉलसमोर, आज जेथे हॉर्निमन सर्कलचे उद्यान आहे त्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मूठभर दलाल वडाखाली बसून शेअर्सचे सौदे करीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस विलायतेस पोहोचेना आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. नित्य नव्या कंपन्या निघाल्या. लोकांनी कर्जे काढून त्यांचे शेअर्स घेतले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, अनेक घराणी धुळीस मिळाली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १८७५ साली दलालांनी आपली संस्था स्थापिली. दलाल स्ट्रीटवरील आजचा शेअरबाजार तो हाच.

तेथे उभे असता आम्हांस आपले तळेगाव आठवले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली येथे काचेचा कारखाना निघाला.

आज बाजार खिशातील फोनमध्ये आला आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात एका महिन्यात घालविले. शेअर घेणे पाप नव्हे. उद्योगास भांडवल त्यातूनच मिळते. परंतु कर्जाचा वा घरच्या गरजेचा पैसा तेथे लावू नये, एवढीच तरुणांना आमची विनंती आहे.