भर पावसात कोथिंबीर



गणपतीच्या आधी बाजारात गेलं की कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून आपण हात मागे घेतो. आपल्या कोकणात पाऊस एवढा, पण भाजी मात्र घाटावरून येते. घाटात दरड कोसळली की तीही येत नाही. कोथिंबीर, मेथी, पालक आपण थंडीत लावतो. जूननंतर पेरलं तर बी वाहून जातं, नाहीतर कोवळं रोप पावसाच्या माराने आडवं होतं आणि मुळं कुजतात. हा मार वरच्यावर अडवला, तर हीच भाजी श्रावणातही होते. त्यासाठी आमच्या गटाने परसात कमानीचा मांडव घातला. पहिला मांडव उडाला, दुसरा टिकला. दोन्ही गोष्टी सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही दहा जणींनी प्रत्येकी तीनशे रुपये काढले. दुकानातलं साधं प्लास्टिक आणलं आणि चारही बाजूंनी जमिनीपर्यंत बंद केलं. मे महिन्यात आत भट्टी झाली, रोपं करपली. प्लास्टिक उन्हाने तडकलं आणि वळवाच्या वाऱ्यात अर्धं फणसावर जाऊन अडकलं. घरोघरी बोलणी खाल्ली. आमच्यातल्या एका ताईने ते तीनशे रुपये कोंबड्या विकून आणले होते. त्या बैठकीत ती काहीच बोलली नाही. तेच आम्हाला जास्त लागलं.

चूक कुठे झाली? थंड मुलखात असा मांडव ऊब धरण्यासाठी बंद ठेवतात. आपल्याला ऊब काय करायची? आपल्याला हवी मोठी छत्री, वरून झाकलेली आणि बाजूंनी मोकळी.

दुसऱ्या वर्षी असं केलं. जागा पाणी न साचणारी घेतली, बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब. बांबू थंडीत तोडला आणि तीन आठवडे वहाळात बुडवून ठेवला, म्हणजे भुंगा कमी लागतो. मग लांब कामट्या काढून तासल्या, कूस राहू दिली नाही. जमिनीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावलं. समोरासमोर दोन कामट्या दीड-दीड फूट पुरायच्या, वाकवून माथ्यावर एकमेकींवर घ्यायच्या आणि काथ्याने घट्ट बांधायच्या. दर चार फुटांवर एक, अशा सहा कमानी झाल्या. माथ्यावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक आडवा बांबू बांधला. त्याने सगळ्या कमानी एकमेकींना धरून राहतात. गाठींवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, नाहीतर प्लास्टिक तिथेच फाटतं.

प्लास्टिक शेतीच्या दुकानातून आणलं, २०० मायक्रॉनचं. घेताना ‘यूव्हीचं आहे का’ हे विचाराच. तेच उन्हाला टिकतं. ते जमिनीपासून तीन फूट वरच थांबवलं, कडा बांबूला गुंडाळून बांधल्या आणि दोन कमानींच्या मध्ये वरून दोरी आवळली. वाऱ्याकडे मांडवाचं अरुंद तोंड ठेवलं आणि तिथे माडाच्या झापांचा आडोसा केला. भोवती चर खणला. आत वीतभर उंच वाफे केले.

आता एक गंमत. बाहेर धो-धो पाऊस आणि आत आपण झारीने पाणी घालायचं! बायका हसल्या, पण आत पाऊस पडतच नाही, तर घालायलाच हवं. माती बोटाने बघायची, सुकली तरच पाणी घालायचं. धणे रगडून दोन फाका करायचे आणि रात्रभर भिजवून पेरायचे. मेथी महिन्याभरात काढायला येते, कोथिंबीर साधारण चाळीस दिवसांत. म्हणून गणपतीच्या दीड महिना आधी पेरा. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका, आठ-आठ दिवसांनी एकेक पेरा. पडवळ, दोडकी, काकडी यांना हा मांडव नको; त्या पावसात बाहेरच खूश असतात.

दिवाळीनंतर प्लास्टिक काढून, पुसून, घडी करून घरात ठेवायचं. उन्हाळ्यात त्याच कमानींवर हिरवी जाळी टाकली की पालेभाजी आणखी महिना-दोन महिने चालते.

त्या वर्षी गणपतीत आमच्या वाडीने घाटावरची कोथिंबीर घेतली नाही. पहिल्या जुड्यांचे पैसे आले, तेव्हा आम्ही सगळ्यांत आधी त्या ताईचे तीनशे रुपये तिच्या हातात ठेवले. तिने ते मोजले आणि म्हणाली, “आता दुसरा मांडव माझ्या परसात घालूया.”

मैत्रिणींनो, एकदम कर्ज काढून मोठं काही करू नका. गटात मिळून एकच मांडव घाला. एक पावसाळा त्याची परीक्षा बघा. टिकला, तर पुढच्या वर्षी घरोघरी घाला. आणि उडालाच, तर नुकसान एकटीच्या अंगावर पडू देऊ नका. गट त्यासाठीच तर असतो.