बचावाचे शिक्षक : बड फॉस्टर

खेळांच्या इतिहासांत गुण मिळविणारांचीं नांवें ठळक राहतात. प्रतिपक्षाला गुण मिळूं न देणारांचीं नांवें बहुधा पुसट होत जातात. जें घडलें तें सर्वांना दिसतें. जें घडूं दिलें नाहीं तें लोकांना दाखवावयाचें कसें? अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाचे बचाव-शिक्षक बड फॉस्टर यांनीं आपलें सारें कर्तृत्व या न दिसणाऱ्या कामास वाहिलें. तेंहि मुख्य शिक्षकाच्या हाताखालीं, दुसऱ्या जागेवर राहून. दुसऱ्या जागेवर राहणें म्हणजे मागें पडणें, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हें या चरित्रावरून पाहण्यासारखें आहे.

श्रोत्यांच्या परिचयाचा फुटबॉल निराळा व हा निराळा. येथें लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, किंवा पुढील गड्याकडे फेकावयाचा. बाजू अकरा-अकरा गड्यांची. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न, न साधलें तर चेंडू दुसऱ्यांकडे. हुतुतूंत चढाई करणाऱ्यास साखळीनें कोंडतात, तसेंच कांहींसें बचावाचें काम येथेंहि असतें. एका गड्यानें जागा सोडली कीं साऱ्यांची मेहनत फुकट. चढाईचे गडी वेगळे, बचावाचे वेगळे, आणि प्रत्येक गटास स्वतंत्र शिक्षक, अशी तेथील व्यवस्था असते.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ सालीं केंटकी संस्थानांत झाला. बाळपण इलिनॉयमधील नोकोमिस या लहानशा गांवीं गेलें. केंटकींतील मरे स्टेट या विद्यापीठांत ते बचावाच्या बाजूनें खेळत, व तेथेंच त्यांना फ्रँक बीमर हे गुरु लाभले. १९८१ सालीं बीमर तेथील मुख्य शिक्षक झाले, तेव्हां शिक्षण संपविलेले फॉस्टर त्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. १९८७ सालीं बीमर व्हर्जिनिया टेक या आपल्या जुन्या विद्यापीठांत गेले. फॉस्टरहि त्यांच्याबरोबर ब्लॅक्सबर्ग गांवीं आले.

आरंभ कांहीं शुभ झाला नाहीं. पहिल्या वर्षीं दोन विजय व नऊ पराजय. १९९२ सालीं पुन्हां दोनच विजय ! बीमर यांची जागा कशीबशी टिकली, परंतु कांहीं साहाय्यकांना जावें लागलें. फॉस्टर राहिले. पुढील वर्षीं संघानें नऊ सामने जिंकले. १९९५ सालीं बचावाची जबाबदारी फॉस्टर व रॉड शार्पलेस या दोघांवर सोंपविण्यांत आली, आणि १९९६ पासून ती एकट्या फॉस्टर यांच्याकडे आली.

याच सुमारास संघांत एक चमत्कारिक वस्तु आली. ती म्हणजे खाणींतला मजूर कामावर नेतो तसला, पोचे पडलेला, पत्र्याचा जेवणाचा डबा. बचावांत ज्यानें विशेष कामगिरी केली असेल, त्यानें तो डबा मैदानावर न्यावा, असा प्रघात पडला. सोन्याच्या पेल्याऐवजीं मजुराचा डबा हें मानचिन्ह ! रोजचें काम रोज नेटानें करावें, वाहवेची वाट पाहूं नये, हा त्याचा अर्थ तरुण गड्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नाहीं.

फॉस्टर यांची रीत धाडसाची होती. अकरांपैकीं आठ गडी पुढच्या बाजूस आणून प्रतिपक्षाचें धांवणें रोखावयाचें, व फेंकणाऱ्याला विचार करण्यास उसंतच द्यावयाची नाहीं. मागें थोडे गडी उरत. एखादी लांब फेक साधली कीं नुकसान मोठें. या रीतीचे दोन्ही परिणाम त्यांच्या वांट्यास आले. १९९९ च्या हंगामांत संघानें अकराच्या अकरा सामने जिंकले. ४ जानेवारी २००० रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें अजिंक्यपदाचा सामना झाला. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस व्हर्जिनिया टेकची २९–२८ अशी आघाडी होती. शेवटच्या पर्वांत फ्लॉरिडा स्टेटनें अठरा गुण मिळविले आणि अजिंक्यपद हातचें गेलें.

२००६ सालीं देशांतील उत्कृष्ट साहाय्यक शिक्षकास मिळणारें ब्रॉयल्स पारितोषिक फॉस्टर यांना मिळालें. परंतु त्या डब्याची खरी कसोटी पुढच्याच वर्षीं लागावयाची होती. १६ एप्रिल २००७ रोजीं विद्यापीठाच्या आवारांत झालेल्या गोळीबारांत बत्तीस जणांचे बळी गेले. त्यांत भारतांतून गेलेल्यांचाहि समावेश होता. त्या हंगामांत मृतांचीं नांवें डब्यांत ठेवून गडी मैदानावर उतरले. खेळानें दुःख हरत नाहीं. परंतु शोकांत असलेल्या गांवाला एकत्र बसावयास एक जागा मिळाली.

२०१४ सालीं ओहायो स्टेट या बलाढ्य संघाला त्याच्याच मैदानावर ३५–२१ असें हरविलें, तेव्हां फॉस्टर यांच्या गड्यांनीं तीन फेकी मध्येंच झेलल्या होत्या. पुढें तोच संघ त्या वर्षीं अजिंक्य ठरला, आणि त्याचा साऱ्या हंगामांतला पराभव हा एवढाच.

२०१५ च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाले. मुख्य शिक्षक म्हणून बाहेरून जस्टिन फुएंटे आले. ते फॉस्टर यांच्याहून वयानें सतरा वर्षांनीं लहान. अशा वेळीं मानी मनुष्य निघून जातो, व त्याला कोणी दोष देत नाहीं. फॉस्टर राहिले, आणि पूर्वीच्याच पदावर आणखी चार हंगाम त्यांनीं शिकविलें.

२०१९ सालच्या हंगामानंतर थांबण्याचें त्यांनीं आधींच जाहीर केलें. घरच्या मैदानावरील त्यांच्या अखेरच्या सामन्यांत पिट्सबर्गच्या संघाला एकहि गुण मिळाला नाहीं, निकाल २८–०. बचाव-शिक्षकाला याहून चांगला निरोप कोणता द्यावा ? परंतु खेळ एवढ्यावर थांबला नाहीं. ३१ डिसेंबर रोजीं जन्मभूमीच्याच केंटकी विद्यापीठाशीं शेवटचा सामना पडला, आणि अवघे पंधरा सेकंद उरले असतां केंटकीनें आघाडी घेतली. ३७–३० असा पराभव पदरीं घेऊन फॉस्टर यांनीं मैदान सोडलें.

मुख्य शिक्षकाचें पद व राष्ट्रीय अजिंक्यपद, या दोन्ही गोष्टी त्यांना व्हर्जिनिया टेकमध्यें लाभल्या नाहींत. ही उणीव लहान नव्हे, व ती झांकण्याचेंहि कारण नाहीं. तथापि एकाच गांवीं तेहतीस हंगाम काम केल्यानें, एका पिढीनें नेलेला डबा पुढील पिढीच्या हातीं देतांना तेथें तोच शिक्षक उभा असे. मोठें पद शोधीत गांवोगांव फिरणाऱ्याला हें साधलें नसतें. दुसरी जागा ही नेहमींच पहिलीची पायरी असते असें नाहीं; ती पूर्ण भरून काढणारा मनुष्य मिळाला, तर तें स्वतंत्र आणि पुरेसें काम आहे.