चढता पाच की उतरता पाच?

आजचा भाग आहे दोन छोट्या वस्तूंबद्दल. एक खिशात मावते, दुसरी मुठीत. पहिली म्हणजे बशीसारखा दिसणारा स्प्रिंग वायसर. कॅटलॉगमध्ये त्याला कोनिकल स्प्रिंग वॉशर म्हणतात. दुसरी म्हणजे प्रेशर स्विच. तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय किंवा डिप्लोमा करताय, काही जण नुकतेच कंपनीत लागलाय. म्हणून आधी माझी एक चूक सांगतो आणि मग शब्दांकडे वळतो.

मी मेंटेनन्सला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. आमच्याकडे एक जुनं मिलिंग मशीन होतं. त्यावर जॉब हवेच्या दाबाने पकडला जायचा, म्हणजे न्यूमॅटिक क्लॅम्प. हवा पाच बारच्या खाली गेली की मशीन थांबलं पाहिजे, यासाठी तिथे एक प्रेशर स्विच होता. तो बिघडला. आमचे सिनियर काका सुट्टीवर होते, म्हणून त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, स्टोअरमध्ये नवा आहे तो लाव, आणि पाचला सेट कर." मी म्हटलं, "हो काका." विषय संपला.

मी स्विच बसवला. रेग्युलेटर हळूहळू उघडत हवा वाढवत नेली. गेजवर बरोबर पाच आले आणि स्विच 'टक' वाजला. लॉकनट घट्ट केला, रजिस्टरमध्ये लिहिलं, '5 बारला सेट केला.' एकदम खूश!

काही आठवड्यांनी सेकंड शिफ्टला लाइनमधली हवा कमी झाली. सव्वाचार बारच्या आसपास आली. क्लॅम्पची पकड सैल पडली, पण मशीन थांबलंच नाही. जॉब हलला, कटर तुटला आणि त्याचा तुकडा ऑपरेटर दादाच्या मनगटाला लागला. चार टाके पडले. डोळा वाचला, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला, "चढता पाच की उतरता पाच?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्हाला कळला का? चला, बघू.

प्रेशर स्विचला एक आकडा नसतो, दोन असतात. दाब वाढत जातो तेव्हा तो एका आकड्याला बदलतो. दाब उतरत येतो तेव्हा तो त्याच आकड्याला परत फिरत नाही, थोडा खाली आल्यावर फिरतो. या दोघांमधलं अंतर म्हणजे डिफरन्शियल. कुणी त्याला डेड बँड म्हणतं, कुणी हिस्टेरेसिस. मराठीत मी सरळ 'फरक' म्हणतो. माझ्या स्विचचा फरक होता 1 बार. मी चढता पाच लावला, म्हणजे उतरताना तो चारला फिरणार होता. पाच ते चार या पट्ट्यात मशीन समजत होतं की हवा भरपूर आहे. हवं होतं ते उलटं : उतरता पाच, चढता सहा. आमच्या लाइनला साडेसहा बार हवा होती, त्यामुळे ते सहज जमलं असतं.

मग हा फरक ठेवतातच कशाला? कारण तो नसता, तर दाब पाचच्या आसपास जरा हलला तरी स्विच टकटक-टकटक करत बसला असता. तुमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठवा. टाकीत हवा एका आकड्याला उतरली की मोटर सुरू, तो कट-इन. वरच्या आकड्याला भरली की बंद, तो कट-आउट. मध्ये अंतर नसतं, तर मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होऊन जळाली असती.

आता दुसरी वस्तू. सपाट वायसर घ्या आणि त्याला किंचित बशीचा आकार द्या. झाला कोनिकल वॉशर. 'कोनिकल' ऐकून डोळ्यासमोर आइस्क्रीमचा कोन आणू नका, हा शंकू फारच बसका असतो. फ्रान्समध्ये ज्युलियन बेलव्हिल यांनी 1867 साली त्याचं पेटंट घेतलं, म्हणून आजही त्याला बेलव्हिल वॉशर म्हणतात. हाच आकार डिस्क स्प्रिंग या नावानेही मिळतो. जर्मन मानकांत बोल्टखाली घालायचा वॉशर डीआयएन 6796 मध्ये येतो आणि स्प्रिंग म्हणून वापरायच्या चकत्या डीआयएन 2093 मध्ये आल्या. दिसायला भाऊ-भाऊ, काम वेगळं. आणि हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'स्प्रिंग वायसर द्या' म्हणालात, तर हातात काय पडेल? कापलेली, जरा पिळलेली रिंग. ती तिसरीच वस्तू! म्हणून नाव पूर्ण सांगा, नाहीतर नमुना घेऊन जा.

हा बशी वायसर करतो काय? इलेक्ट्रिक पॅनलमधली बसबार घ्या. करंट वाहिला की ती तापते आणि फुगते, थंड झाली की आकसते. रोज असंच चालतं. नुसता बोल्ट असेल तर जोड हळूहळू सैल होतो, सैल जोड जास्त तापतो आणि शेवटी जळतो. बशी वायसर दबलेला राहून ही हालचाल सांभाळतो, बोल्टचा ताण टिकवतो.

आता इथेही तोच घोटाळा. कुणी सांगितलं, 'दोन वायसर एकावर एक ठेव.' कसे ठेवणार? घरातल्या दोन बश्या घ्या. एकीत एक बसवल्या, दोन्हींचं तोंड एका दिशेला, तर ती झाली पॅरलल रचना. एक वायसर अर्धा मिलिमीटर दाबायला समजा 1000 न्यूटन लागतात, तर अशा दोघांना तेवढंच दाबायला साधारण 2000 लागतील. पण एक उलटी करून बश्यांच्या कडा समोरासमोर आणल्या, तर ती झाली सिरीज. आता 1000 न्यूटनलाच जोडी एक मिलिमीटर दबते. वायसर तेच, शब्द तेच, 'एकावर एक'. पण एकीत ताकद दुप्पट, दुसरीत हालचाल दुप्पट. व्हीएमसी मशीनच्या स्पिंडलमध्ये टूल घट्ट ओढून धरणारी रांग अशाच चकत्यांची असते. ती रचना उघडताना आधी मोबाइलवर फोटो काढा, मगच हात लावा.

आणि आता गंमत ऐका. या दोन वस्तूंचं नातं आहे. बशी वायसरची खोली त्याच्या जाडीच्या तुलनेत वाढवत नेली, साधारण 1.4 पटीच्या पुढे, की तो विचित्र वागायला लागतो. एका हद्दीनंतर पुढे दाबायला जास्त जोर लागण्याऐवजी कमी लागतो. खोली आणखी वाढवली, तर तो टककन उलटा होतो. केसांना लावायची टिकटॅक पीन अशीच उलटते ना? काही प्रेशर स्विचच्या पोटात अशीच पातळ चकती असते. दाब वाढला की टक, उतरला की परत टक. उलटायला लागणारा जोर आणि परत यायला लागणारा जोर सारखा नसतो, आणि तोच आपला 'फरक'! म्हणजे ज्या 'टक'वर मी खूश झालो होतो, तो अर्धाच होता. दुसरा टक मी ऐकलाच नव्हता.

आणखी एक शब्द नवख्यांना हमखास चकवतो : नॉर्मली ओपन. नॉर्मल म्हणजे कधी? मशीन नेहमीसारखं चालू असताना? नाही! स्विच टेबलावर पडलेला, त्याच्या नळीत शून्य दाब, ती त्याची नॉर्मल अवस्था. लाइनमध्ये पूर्ण हवा असते तेव्हा नॉर्मली ओपन संपर्क जुळलेला असतो. कमी दाबाला मशीन थांबवायचं असेल तर तोच संपर्क वापरतात, कारण वायर तुटली तरी मशीन थांबतं. सुरक्षेच्या बाजूने चूक झालेली परवडते.

आणि एकक विसरू नका. शॉपमध्ये 'सहा किलो हवा' म्हणतात, ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. बार आणि हे किलो जवळपास सारखे : 1 बार म्हणजे 1.02 किलो. पण पीएसआयमध्ये तोच 1 बार 14.5 होतो. गेजवर दोन पट्ट्या असतात, कुठली वाचताय ते आधी बघा.

तर मंडळी, मोबाइलमध्ये एक नोट करून ठेवा. कुणी आकडा सांगितला की विचारा : चढता की उतरता? बार की पीएसआय? दोन वायसर सांगितले की विचारा : तोंडं एका बाजूला की समोरासमोर? विचारल्याने कुणी तुम्हाला कच्चा समजेल ही भीती सोडा. मलाही तीच भीती होती, म्हणून मी 'हो काका' म्हणालो. काकांनी त्या दिवशी मला ओरडलं नाही. रजिस्टरमधली माझी ओळ खोडली आणि माझ्याकडूनच नवी लिहून घेतली : 'उतरता 5 बार, चढता 6 बार, दोन्ही तपासले.' आजही मी तसंच लिहितो.

तो ऑपरेटर दादा अजून भेटतो. मनगट दाखवतो आणि हसत विचारतो, "काय रे, चढता की उतरता?" मी हसतो खरा, पण मान खालीच जाते.

तुमच्या कामाच्या जागी असा घोळ घालणारा कुठला शब्द आहे? व्हॉइस मेसेज करून सांगा, पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, आणि दुसरा टक ऐकल्याशिवाय लॉकनट आवळू नका!